कल्चर रूमला कुलूप लावण्याआधी : एक खुलं पत्र

प्रति,
मानवी स्टेम सेल संशोधनाच्या प्रकल्पांना निधी देणाऱ्या, मुदतवाढ देणाऱ्या आणि नाकारणाऱ्या समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य,

सादर नमस्कार.

महाराष्ट्रातल्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं प्रकल्प सहाय्यक आहे. माझ्याकडे कल्चर रूम आहे. माणसाच्या प्लुरिपोटंट स्टेम सेल वाढवायच्या, जपायच्या, गोठवून ठेवायच्या आणि लागतील तेव्हा पुन्हा जाग्या करायच्या, हे माझं काम. गेल्या महिन्यात आम्हाला कळवण्यात आलं की प्रकल्पाला मुदतवाढ नाही, ३१ मार्चनंतर मीडिया, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, आणि लिक्विड नायट्रोजनसाठी पैसे मिळणार नाहीत आणि खोली दुसऱ्या कामासाठी मोकळी करून द्यायची आहे. पत्र चार ओळींचं होतं. त्या खोलीत काय आहे आणि ते कुठे न्यायचं, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इतर ठिकाणी माझ्यासारखंच काम करणाऱ्यांशी फोनवर बोलते तेव्हा गोष्ट तीच ऐकू येते, फक्त तारीख बदलते. म्हणून हे पत्र एका कार्यालयाला न पाठवता आपल्या सर्वांना आणि सर्वांसमोर लिहिते आहे.

या पेशी म्हणजे काय ते आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. शरीरातली जवळजवळ कुठलीही पेशी जिच्यापासून बनू शकते अशी ही मूलपेशी. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून ती पहिल्यांदा वेगळी करून वाढवली. २००६ साली जपानमधल्या क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशींमध्ये चार जनुकं घालून त्यांना मागे, त्या मूळ अवस्थेत नेऊन दाखवलं. अशा पेशी बनवायला मग भ्रूण लागेनासा झाला. आज आम्ही रुग्णाच्या दंडातून काढलेल्या दहा मिलिलिटर रक्तापासून त्या बनवतो. पहिली कॉलनी, म्हणजे पेशींचा पुंजका, दिसायला तीन-चार आठवडे लागतात. त्यातून वाढत राहणाऱ्या पेशींच्या वंशाला आम्ही लाइन म्हणतो, आणि ती लाइन खरोखर भरवशाची आहे हे तपासायला त्याहून कितीतरी जास्त.

आता त्या खोलीबद्दल. या पेशींचा मीडिया रोज बदलावा लागतो. रविवारी, गणपतीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा. नाही बदलला तर गुलाबी मीडिया पिवळा पडतो, म्हणजे पेशींनी टाकलेलं आम्ल त्यात साचलेलं असतं. चार-पाच दिवसांत कॉलन्या दाट होतात, मग त्या फोडून नव्या प्लेटवर पसरायच्या. याला आम्ही पॅसेज करणं म्हणतो. फोडताना पेशी अगदी सुट्या झाल्या तर बहुतेक मरतात. २००७ साली जपानी संशोधकांनी रॉक इनहिबिटर नावाचं औषध घालून बघितलं तेव्हा कुठे सुट्या पेशी तग धरू लागल्या. रोज सकाळी मी मायक्रोस्कोपखाली एकेका कॉलनीची कड बघते. चांगली कॉलनी सपाट, गच्च आणि कडेला कापल्यासारखी स्वच्छ असते. पेशी कडेबाहेर पडून लांबुळक्या दिसू लागल्या की समजायचं, या आता वेगळ्या वाटेला लागल्या. तेवढा भाग पिपेटच्या टोकाने खरवडून काढायचा, शेजारच्या चांगल्या पेशींना धक्का न लावता. हे हाताला आणि डोळ्याला बसायला मला दोन वर्षं लागली.

ही कड मी इतकी जिवापाड का जपते, तर या पेशी पुढे माणसाच्या अंगात जायच्या असतात. दुर्लक्ष झालेल्या, दाटीत आणि आंबलेल्या मीडियात राहिलेल्या पेशींच्या डीएनएला इजा होते आणि ज्या पेशीत जलद वाढण्याचा दोष शिरला आहे तीच बाकीच्यांना मागे टाकून प्लेट व्यापते. २०११ साली अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून १२५ भ्रूणजन्य लाइन्स तपासल्या. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात विसाव्या गुणसूत्राचा एकच तुकडा वाढलेला सापडला. त्या तुकड्यात पेशीला मरू न देणारं एक जनुक आहे. नेहमीच्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं बघण्याच्या तपासणीत, हा बदल बऱ्याचदा दिसतही नाही, त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते आणि तिचे पैसे लागतात. २०१४ साली कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वृद्ध बाईंच्या डोळ्यात त्यांच्याच त्वचेपासून अशा मूळ अवस्थेत नेलेल्या पेशींचा पातळ थर बसवला, जगातला पहिला. दुसऱ्या रुग्णाची पाळी आली तेव्हा त्याच्या पेशींत जनुकीय बदल दिसले आणि त्यांनी काम थांबवलं. २०१७ साली त्यांनी पुन्हा सुरुवात केली, ती आधीपासून तपासून, साठवून ठेवलेल्या दात्याच्या पेशी घेऊन. साठा होता म्हणून ते पुन्हा उभे राहू शकले.

आमच्या लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत चौदा रुग्णांच्या लाइन्स आहेत. एकूण २१२ व्हायल, म्हणजे छोट्या कुप्या. त्यातल्या सहा गडचिरोली आणि नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या कुटुंबांकडून आलेल्या आहेत. संमतीपत्र वाचून दाखवायला मी स्वतः गेले होते. एका आईने सगळं ऐकून घेतलं, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत विचारलं, "बाई, हे रक्त किती दिवस टिकंल?" मी म्हटलं, नीट ठेवलं तर तुमच्या नातवंडांच्या वयापर्यंत टिकेल. विज्ञान म्हणून ते उत्तर बरोबर होतं. उणे १९६ अंशांवर पेशी वर्षानुवर्षं टिकतात. फक्त त्यासाठी दर आठवड्याला टाकीत नायट्रोजन ओतावा लागतो, आणि तो कोण ओतणार हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, कारण मला वाटलं होतं ते आपण ठरवलेलं आहे.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पैशाच्या चालीची आहे. पेशी रोज खातात आणि पैसे वर्षातून एकदा-दोनदा येतात, तेही उशिरा. एका वर्षी जूनमध्ये यायचा हप्ता ऑक्टोबरात आला. ऑगस्टमध्ये मीडिया संपत आला तेव्हा आम्ही एक दिवसाआड बदलायला सुरुवात केली, मग अर्ध्या मात्रेत, शेवटी होतं तेवढं सगळं गोठवून टाकलं. घाईत गोठवलेल्या तीन लाइन्सपैकी एक पुन्हा उठलीच नाही. तीनदा व्हायल काढली, तीनदा प्लेटवर मेलेल्या पेशींचा कचरा तरंगला. दुसरी उठली, पण तपासणीत तिच्यात तोच विसाव्या गुणसूत्राचा दोष निघाला. ती आता कुणाच्याही अंगात घालता येणार नाही. खर्चाच्या अहवालात त्या वर्षी "निधी पूर्ण वापरला" असं लिहिलं आहे, आणि ते खरंही आहे. काय गेलं ते लिहायला त्या तक्त्यात रकाना नाही.

दुसरी तक्रार खरेदीची. ज्या लेपावर या पेशी धरतात तो मॅट्रिजेल कडक थंडीत यावा लागतो, कारण दहा अंशांच्या वर तो बाटलीतच घट्ट होतो आणि मग कामाचा राहत नाही. आमची एक खेप विमानतळावर कागदपत्रांसाठी चार दिवस अडकली. डबा उघडला तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता आणि बाटली उलटी केली तर आतला मॅट्रिजेल हलला नाही. त्याचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण माल "मिळाला" होता. सर्वांत कमी बोलीचा नियम पाळायचा म्हणून एकदा वेगळ्या कंपनीचा मीडिया आला आणि दोन महिने जुळवून घेण्यात गेले. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, संस्थाप्रमुखांना अधिकार वाढवून दिले. त्याबद्दल मनापासून आभार. ती सवलत आमच्या टेबलापर्यंत मात्र अजून पोचलेली नाही. खाली बसलेला माणूस ऑडिटला घाबरतो आणि जुनीच फाइल पुढे करतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के झालं होतं, ओरड झाल्यावर काही दिवसांत ते संशोधनासाठी मागे घेतलं गेलं. ते काही दिवस आम्ही कसे काढले हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

तिसरी तक्रार माणसांची. माझं अकरा वर्षांचं काम सात करारपत्रांत विभागलेलं आहे. माझ्यासोबत शिकलेल्या चार मुली हे क्षेत्र सोडून गेल्या, दोघी औषध कंपन्यांच्या कागदपत्रांच्या कामाला, एक बँकेत, एक घरी. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप ३७ हजार रुपये आहे. रक्कम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ती पाच-पाच महिने येत नाही तेव्हा घरभाडं कशातून द्यायचं? रात्री अकरा वाजता हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या पेटीत, हात घालून बसलेल्या मुलीचं लक्ष घरमालकाच्या फोनकडे असेल तर एक दिवस तिच्या हातून पेशींत जंतू शिरणारच, आणि दोष तिच्या नावावर जाईल.

चौथी तक्रार लिहिताना मला त्रास होतो. माझे सासरे, आप्पा, यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. शर्टाचं बटण लावायला त्यांना दहा मिनिटं लागतात आणि आपण मदतीला हात पुढे केला तर ते चिडतात. मी "स्टेम सेलमध्ये" आहे हे सगळ्या नातेवाइकांना माहीत. दोन वर्षांपूर्वी माझे दीर एका खासगी दवाखान्याचं माहितीपत्रक घेऊन आले. तीन बैठकांमध्ये स्टेम सेल थेरपी, साडेचार लाख रुपये, सोबत हसऱ्या आजोबांचे फोटो. कंबरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या पेशी परत टोचायच्या. पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या ज्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, त्या काही या पेशींपासून बनत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्वच्छ सांगतात की रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, ते नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हायला हवं आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मी हे सगळं घरात सांगितलं. दीर म्हणाले, "वहिनी, मग तुमचं खरं वालं कधी येणार?"

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर जगात मिळू लागलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये क्योटोच्या गटाने सात पार्किन्सन रुग्णांच्या मेंदूत प्लुरिपोटंट पेशींपासून बनवलेल्या डोपामिनच्या पूर्वपेशी बसवल्याचे निकाल छापले. गाठी झाल्या नाहीत, पेशी जगल्या, डोपामिन बनवू लागल्या आणि ज्या सहांची परिणामासाठी तपासणी झाली त्यातल्या चौघांच्या हालचालीत सुधारणा दिसली. आकडे लहान आहेत, घाई करण्यासारखं काही नाही, हे मी आप्पांनाही सांगितलं. त्याच वर्षी जूनमध्ये टाइप १ मधुमेहाच्या चाचणीचे निकाल आले. अशाच पेशींपासून बनवलेले इन्सुलिन स्रवणारे पेशींचे पुंजके पूर्ण मात्रेत मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षाअखेर इन्सुलिनची सुई लागत नव्हती. शरीराने त्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र घ्यावी लागतात. म्हणूनच आता जनुकं कापून-जोडून पेशींची ओळख झाकण्याचं काम सगळीकडे चाललं आहे, आमच्याकडेही दोन लाइन्सवर ते अर्ध्यात आलेलं आहे. आपण खोली बंद केलीत तर त्या दवाखान्यांचं काही बंद होणार नाही. त्यांची माहितीपत्रकं येतच राहतील, आणि त्यांच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काही नसेल.

कुणी म्हणेल, बाहेर तयार झालं की विकत घेऊ. त्यात एक अडचण आहे, आणि ती फक्त किमतीची नाही. दात्याच्या पेशी रुग्णाशी जुळाव्या लागतात. जपानने सात दात्यांच्या पेशींपासून साठा केला आणि तो तिथल्या सुमारे ४० टक्के लोकांना जुळेल असा आहे, कारण तिथे ऊतींचे ठरावीक प्रकार खूप लोकांत सारखे सापडतात. आपल्याकडे शेकडो वर्षं जाती-पोटजातींत लग्नं झाली. नंदुरबारच्या भिल्ल मुलीला आणि रत्नागिरीच्या माझ्या आप्पांना क्योटोचा साठा जुळेलच असं नाही. आपल्या लोकांसाठी आपल्याच लोकांच्या पेशी साठवाव्या लागतील, आणि ते दुसरा कुठलाही देश आपल्यासाठी करणार नाही.

सुरुवातीला आपण मागे नव्हतो. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने निधीला पात्र अशा ६४ भ्रूणजन्य लाइन्सची जगभरातली यादी काढली, त्यात दहा भारतातल्या होत्या. सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या, तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या. पुढे बंगळुरूला जवाहरलाल नेहरू केंद्रात मनीषा इनामदार यांच्या प्रयोगशाळेने दोन लाइन्स बनवल्या आणि त्या ब्रिटनच्या स्टेम सेल बँकेत जमा झाल्या. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत काइंड-१ आणि काइंड-२ या लाइन्स बनल्या. हे सगळं करणारी माणसं याच मातीतली आहेत.

निधी तोडण्याची वेळ जपानवरही आली होती. २०१९ साली तिथल्या सरकारने पेशींच्या साठ्याची मदत थांबवण्याचा विचार चालवला तेव्हा नोबेल मिळालेले यामानाका स्वतः पत्रकारांसमोर उभे राहिले आणि असा निर्णय बंद दाराआड का घेतला जातो, असं विचारलं. मदत चालू राहिली. आमच्याकडे नोबेल नाही. म्हणून हे पत्र लिहून विचारते आहे.

मागण्या मोजक्या आहेत. लाइन्स सांभाळण्याचा खर्च प्रकल्पापासून वेगळा काढा आणि तो निदान दहा वर्षांसाठी बांधून द्या. नायट्रोजन, मीडिया, वर्षातून दोनदा जनुकीय तपासणी आणि दोन माणसं, एवढाच तो खर्च आहे. रुग्णांच्या लाइन्ससाठी सरकारी बँक उभारा आणि प्रत्येक लाइनच्या व्हायल दोन वेगवेगळ्या शहरांत ठेवा, म्हणजे एक टाकी कोरडी पडली तरी दुसरी राहील. फेलोशिप आणि करारावरचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या, हप्ता आला नसेल तर संस्थेने आगाऊ द्यावा असा नियम करा. कल्चर रूमचे करार पाच वर्षांपेक्षा कमी नकोत. थंड साखळीतल्या मालाला सीमाशुल्काच्या खिडकीवर त्याच दिवशी सोडा. कुठलीही कल्चर रूम बंद करायची असेल तर सहा महिने आधी कळवा, पेशी कुठे जाणार ते लेखी ठरवा आणि ज्यांनी रक्त दिलं त्यांना त्यांच्या भाषेत कळवा. संमतीपत्रावर त्यांची सही आहे, अंगठे आहेत. आणि चाचणीच्या नोंदणीशिवाय स्टेम सेल विकणाऱ्या दवाखान्यांवर कारवाई करा. नियम आहेत, पोलीस ठाण्यात किंवा औषध प्रशासनाकडे कुणी तक्रार करण्याची वाट बघू नका.

आमच्या खोलीबद्दल वेगळं सांगते. टाकीतली पातळी आम्ही लाकडी पट्टीने मोजतो. पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायची, जिथपर्यंत पांढरं दंव धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. या सोमवारी दंव अकरा इंचांवर होतं. वरच्या रॅकमधल्या व्हायल मी खाली हलवल्या आहेत. आठ इंचांच्या खाली गेलं की तिसरा रॅक उघडा पडेल.

कुठल्याही सरकारी संस्थेची टाकी मोकळी असेल आणि ती या पेशी घ्यायला तयार असेल तर न्यायला ड्राय शिपर, म्हणजे गोठलेल्या पेशी तशाच थंड ठेवून नेणारं भांडं, लागेल. तो शिपर उसना मिळण्यासारखा आहे, मी विचारून ठेवलं आहे. कोणती व्हायल कुठल्या रॅकच्या कुठल्या खणात आहे, कितव्या पॅसेजची आहे, शेवटची तपासणी कधी झाली, याची वही पूर्ण केली आहे. एक प्रत माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, दुसरी मी घरी नेली आहे. ३१ मार्चपर्यंत रोज सकाळी साडेआठपासून मी तिथेच असते.

आपली विश्वासू,
एक प्रकल्प सहाय्यक